कोणता पेंट मारला, भाऊ?

विमानाच्या मॉडेलला चंदेरी रंगाऐवजी अ‍ॅल्युमिनियमची फॉइल का आणि कशी लावतो, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर मी आपणहून हा विषय काढत नाही. एकदा काढला की समोरच्याचा चहा गार होतो आणि त्याची मोटार तशीच पडून राहते.

धामणगाव रेल्वेपासून नऊ किलोमीटरवर आमचं गाव. तिथे माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली सबमर्सिबल खांद्यावर टाकून शेतकरी येतो, ती खाली ठेवतो, घाम पुसतो आणि त्याची नजर काउंटरवरच्या काचेच्या पेटीकडे जाते. पेटीत डकोटा, म्हणजे जुन्या काळच्या दोन पंख्यांच्या विमानाचं प्लॅस्टिकचं मॉडेल आहे. १:७२ मापाचं, म्हणजे पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण ४० सेंटीमीटर. मग ठरलेला प्रश्न येतो.

"भाऊ, कोनता पेंट मारला हा? माह्या ट्रॅक्टरच्या बोनेटले असाच पायजे."

"पेंट नाही, पत्रा आहे."

"काई बी सांगता."

इथे मी बोलत नाही. मल्टिमीटर बझरवर टाकतो आणि दोन्ही काड्या पंखाच्या एका तुकड्यावर टेकवतो. पीं वाजतं. मग शेपटीच्या उभ्या सुकाणूवर टेकवतो, तिथे खरोखरच चंदेरी रंग आहे. मीटर गप्प. चांदीच्या रंगातही धातूची पूड असते, पण तिचा कण न् कण लॅकरात बुडालेला असतो, एकाचा दुसऱ्याला स्पर्श नाही. वीज जाईल कुठून? मोटारवाल्याला हे पटकन कळतं. त्याने आयुष्यभर वायरिंगचे शॉट शोधलेले असतात.

प्रकाशाचंही तेच आहे. रंगातले कण वाटेल तसे पडलेले असतात, म्हणून उजेड सगळीकडे विखुरतो आणि विमान सारखंच करडं दिसतं. पत्रा उजेड फेकतो तो एका दिशेने. पेटी जरा फिरवली की पंखावरचा एक तुकडा लखकन उजळतो आणि शेजारचा काळवंडतो. एअरब्रशने मारायचे धातूचे लॅकर मिळतात, त्यांना मी नावं ठेवणार नाही, फार देखणे असतात. पण त्याला कॉम्प्रेसर लागतो, खाली आरशासारखा काळा रंग लागतो, आणि एवढं करून ते पत्र्यासारखं 'दिसतं'. माझ्या विमानाला पत्रा लागलेला आहे. आमच्या भाषेत बेगडी म्हणजे खोटं. माझ्या विमानाचं उलटं आहे. आत प्लॅस्टिक, चाकं प्लॅस्टिकची, खिडक्या प्लॅस्टिकच्या, सगळ्यात खरी वस्तू काय असेल तर बेगड.

बेगडाचं नाव आलंच आहे तर हे शिकलो कुठे ते सांगतो. पोळ्याला बाबा बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावत आणि त्यावर बेगड चिकटवत. बाभळीचा डिंक रात्री पाण्यात भिजत घालायचा, सकाळी तो शिंगावर फिरवायचा आणि थांबायचं. मी सात-आठ वर्षांचा, मला थांबवत नसे. मी लगेच बेगड लावायला गेलो की ते सरकायचं, सुरकुतायचं. बाबा बोटाने डिंक चाचपून बघत, बोट चिकटून सुटायला लागलं की म्हणत, "आता लाव." मग अरुंद पट्टी, शिंगाच्या बुडापासून तिरपी गुंडाळत वर न्यायची आणि अंगठ्याच्या नखाची पाठ तिच्यावरून फिरवायची. शिंग वाकडं, टोकाकडे निमुळतं. रुंद पट्टी घेतली की चुण्या पडणारच. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. उरलेलं बेगड माझ्या लाकडी नंदीला.

चाळिशीत पहिलं विमान घेतलं तेव्हा यातलं काही आठवलं नाही. किराणा दुकानातून पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा रोल आणला, सुताराकडचा पांढरा गोंद चोपडला आणि ओल्यावरच चिकटवून टाकलं. दोन दिवस झकास. तिसऱ्या दिवशी पंखावर फोड आले, माणसाला कांजिण्या येतात तसे. एका बाजूला प्लॅस्टिक, दुसऱ्या बाजूला धातू, मध्ये अडकलेलं पाणी जाणार कुठे? सगळं सोलून काढलं. सोलता सोलताच बाबांचा डिंक आठवला.

आता रीत अशी आहे. फॉइलसाठीच बनवलेला एक गोंद मिळतो, मायक्रोस्केल कंपनीचा, दुधासारखा पातळ. तो फॉइलच्या मंद बाजूला मऊ कुंचल्याने लावायचा. (फॉइलला एक बाजू चकचकीत आणि एक मंद का असते, हे पण लोक विचारतात. कारखान्यात शेवटच्या वेळी दोन पत्रे एकावर एक ठेवून रुळांतून काढतात. रुळाला लागलेली बाजू चमकते, एकमेकांना लागलेली मंद राहते. बाकी काही गूढ नाही.) गोंद पांढऱ्याचा पारदर्शक झाला की समजायचं, पाणी उडालं आणि चिकटपणा राहिला. मे महिन्यात, दुकानात ४५ अंश असताना, याला तीन-चार मिनिटं पुरतात. श्रावणात अर्धा तास बसून राहा. गोंद लावलेलेच अमेरिकन बेअर-मेटल फॉइलचे कागदही मिळतात, फार पातळ, कडेला छान बसतात. पण इथे पोचेपर्यंत महाग होतात, आणि जुना कागद निघाला तर गोंद दगा देतो. मी ते इंजिनाच्या टोपीपुरते वापरतो.

फॉइल लावण्याआधीचं काम मात्र कुणी विचारत नाही, आणि पाऊण मेहनत तिथेच आहे. रंग पोटात घालतो, पत्रा चुगली करतो. प्लॅस्टिकवर केसाएवढा ओरखडा राहिला तर वरून दोरी ठेवल्यासारखा दिसतो. म्हणून वॉटर पेपर, आधी १००० नंबरचा, मग २००० चा, मग साबणाने धुणं, आणि त्यानंतर बोट लावायचं नाही. आमच्याकडचा खरा वैरी मात्र कापूस. दिवाळीनंतर गाड्या जिनिंगकडे निघतात, रस्त्याच्या बाभळींना पांढरं लटकतं, आणि हवेत रुईचा बारीक तंतू असतो. तो डोळ्याला दिसत नाही. फॉइलखाली गेला की फुटकुळी होऊन दिसतो. सुईने टोचून, बाहेर ओढून पुन्हा दाबता येत नाही, तो तुकडा गेलाच. म्हणून कापसाच्या हंगामात मी फॉइलला हात लावत नाही. उन्हाळ्यात लावतो, तर कूलर बंद करावा लागतो, नाहीतर गोंद लावलेला तुकडा उडून थेट माझ्या दाढीला चिकटतो. गिऱ्हाईक म्हणतं, "काहून असे घामात बसून रायले राजे हो?" काय उत्तर देणार.

तुकडा पाहिजे त्याहून थोडा मोठा कापायचा, मधोमध टेकवायचा, आणि कान साफ करायच्या कापसाच्या काडीने मधून कडांकडे घासत न्यायचं. घासताना एक आवाज येतो, सुरुवातीला खरखर, मग फॉइल बसली की नुसतं सूं. मी आवाजावरच चालतो. मग टूथपिक गोल घासून तिच्या टोकाने प्लॅस्टिकवरच्या जोडाच्या रेषा शोधायच्या. फॉइलखालून रेष हळूच वर येते. त्या रेषेवरून ब्लेड. मेडिकलमध्ये ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड मिळतं, तेच. दाबायचं नाही, ओढायचं. पातं जरा बोथट झालं की ते फॉइल कापत नाही, फाडतं, म्हणून दहा-बारा तुकड्यांमागे नवीन ब्लेड. मेडिकलवाल्याने पहिल्यांदा माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघितलं होतं. आता तो स्वतःच विचारतो, पंख झाला का म्हणून.

इंजिनाच्या टोपीपाशी सगळ्यांची परीक्षा होते. ती पुढून गोल, आणि कड आतल्या बाजूला वळलेली. सपाट फॉइल दोन बाजूंनी वाकणाऱ्या जागेवर बसत नाही. संत्र्याचं साल टेबलावर सपाट करून बघा, फाटतं ना, त्याचंच उलटं. म्हणून टोपीवर एक तुकडा न लावता अरुंद लांबट पाकळ्या लावायच्या, आतल्या वळणावर प्रत्येक पाकळीला बारीक चिरा, आणि नखाची पाठ. अगदी बाबांच्या शिंगासारखं.

आणि तुकड्यांची दिशा. फॉइल रुळांतून निघते तेव्हा तिच्यावर एका दिशेने बारीक रेघा उमटतात. शेजारचा तुकडा काटकोनात फिरवून लावला की उजेडात तो वेगळा दिसतो. खऱ्या विमानाचेही सगळे पत्रे एका तुकड्यातून आलेले नसतात, म्हणून ते तसंच दिसतं. काही तुकडे अजून मंद हवे असतात, इंजिनामागचे, धूर खाल्लेले. ते खायच्या सोड्याच्या पाण्यात उकळायचे. ही युक्ती बायकोच्या गंजातून मिळाली. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: आमच्याकडे गंज म्हणजे पातेलं. लोखंडाला चढतो त्याला आम्ही जंग म्हणतो.) जर्मनच्या गंजात बोअरचं पाणी तापवून तापवून तो आतून काळा पडला होता. ती घासून थकली आणि मी बघत बसलो की हा रंग मला पाहिजे. अ‍ॅल्युमिनियमला खारं, सोड्याचं पाणी चालत नाही, एवढीच गोष्ट आहे. तरी माझं ते बघत बसणं तिला आवडलं नव्हतं.

आता एक हिशेब सांगतो, तो मला स्वतःला फार आवडतो. अशा विमानाचा पत्रा मिलीमीटरच्या आतबाहेरचा. समजा ०.८ मिलीमीटर, म्हणजे ८०० मायक्रॉन. भागिले ७२. आले ११ मायक्रॉन. माझ्या किराणा दुकानातल्या रोलवर छापलंय ११ मायक्रॉन. आणि डकोटाचा पत्रा म्हणजे कणखर मिश्रधातूच्या दोन्ही अंगांना शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर, गंजू नये म्हणून. अल्क्लॅड म्हणतात त्याला. म्हणजे १९३५ साली हे विमान पहिल्यांदा उडालं तेव्हा वर जे चमकत होतं, तेच माझ्या डब्यातल्या पोळीला गुंडाळलेलं असतं. रंगाच्या डबीतून हे मिळत नाही.

मग सुकाणूवर रंग का? कारण डकोटाच्या मागच्या हलत्या भागांवर पत्रा नव्हताच. रडर म्हणजे हेच उभं सुकाणू, एलेव्हेटर म्हणजे शेपटीचं आडवं, एलेरॉन म्हणजे पंखांच्या मागच्या कडेची हलती पट्टी, सगळे कापडाचे. सांगाड्यावर ताणलेलं कापड आणि त्यावर चंदेरी रंग. फॉइल लावणारे पुष्कळ लोक हौसेने तिथेही फॉइल लावतात आणि ते चूक आहे. अमेरिकन विमानांना हे कापड सुताचंच असे. आमच्या पट्ट्यातल्या माणसाला हे सांगितलं की तो पेटीजवळ येऊन वाकून बघतो. पत्र्याचं कौतुक त्याला मघाच झालेलं असतं, कापसाचं नव्याने होतं.

आणि डकोटाच का, हा प्रश्नांतला शेवटचा प्रश्न. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लढाऊ विमान कर म्हणून सांगितलंय, आपल्या वायुसेनेची सुरुवातीची मिग-२१ पण उघड्या पत्र्याचीच होती. करीन. पण डकोटा घरातलं आहे. १९४९ साली रात्रीची हवाई डाक सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चार दिशांनी संध्याकाळनंतर डकोटा विमानं निघायची आणि मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर गाठ पडायची. थैल्या एकमेकांत बदलायच्या आणि उजाडायच्या आत परत. देशभराची पत्रं रात्रीतून नागपुरात हात बदलत. मुंबईहून येणारं आमच्या भागावरून जाई. बाबा तेव्हा लहान होते, आजोबांबरोबर ज्वारीच्या जागलीला माळ्यावर झोपत. घड्याळ नव्हतं. वर घरघर आली की आजोबा म्हणत, "डाक चालली, आता झोप," आणि स्वतः रानडुकरांसाठी जागे राहत.

विमान पुरं झालं तेव्हा मी ते पहिल्यांदा बाबांकडे नेलं. दीडशेच्या वर तुकडे, अख्खा उन्हाळा गेलेला. बाबा आता नीट बघत नाहीत, मोतीबिंदूचं एका डोळ्याचंच झालंय. त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं, अंगठा पंखावरून नेला, नखाची पाठ टोपीवर फिरवली. चुणी शोधत होते, मला कळलं. सापडली नाही. मग म्हणाले, "चांगलं हाय. पन आमाले त अंधारात नुसते दिवेच दिसत. चमकते का काय, आमाले काय मालूम. याचे दिवे कुठी हायेत?"

दिवे नव्हते.

तेव्हा सध्या तेच चाललंय. पंखाच्या डाव्या टोकाला लाल, उजव्या टोकाला हिरवा, शेपटीला पांढरा. एलईडी साखरेच्या दाण्याएवढे मिळतात, ती अडचण नाही. अडचण ही की तार पंखाच्या पोटातून न्यायची, टोकाशी बाहेर काढायची, आणि वर सगळीकडे वीज वाहणारा पत्रा. तुकड्या-तुकड्यांमध्ये गोंद आहे म्हणून बहुतेक तुकडे एकमेकांपासून सुटे आहेत, मी मीटर लावून एकेक तपासतोय. तारेसाठी दुकानातलीच, इनॅमल चढवलेली, पंप मोटारीच्या वायंडिंगची सगळ्यात बारीक तार काढली आहे. उजवा पंख झाला. डाव्यात कुठेतरी शॉट आहे, काल रात्री अकरापर्यंत शोधला.