गोधडी नको, पेंढा घाला

आमच्या ग्वाल्हेरची थंडी पुण्यातल्या लोकांना सांगून खरी वाटत नाही, जानेवारीत रात्री पारा ४-५ पर्यंत उतरतो आणि वर ते धुकं. लश्कर भागातल्या आमच्या गल्लीत काळू नावाचं कुत्रं आणि त्याची आई राहतात, म्हणजे कुणाचेच नाहीत पण पोळी सगळ्यांकडे खातात.

मागच्या वर्षी मी मोठ्या कौतुकाने माझ्या आईची जुनी गोधडी त्यांच्यासाठी जिन्याखाली घातली. सकाळी बघते तर दवाने चिंब, आणि काळू तिच्यावर नाही तर बाजूच्या राखेच्या ढिगात मुटकुळं करून. आई म्हणाली, "अगं, ओली गोधडी म्हणजे बर्फच की!" खरंच होतं, कापड ओल धरून ठेवतं आणि अंगातली ऊब ओढून घेतं.

म्हणून यंदा जवळच्या डबरा गावाकडून येणाऱ्या दूधवाल्या भैयाकडून भाताचा पेंढा मागवला, तिकडे धान भरपूर. खाली दोन विटांवर फळी, म्हणजे फरशीचा गारठा लागत नाही, वर जुनं लाकडी खोकं आडवं, तोंडाला पोत्याचा पडदा आणि आत पेंढा ठासून. कुत्रं त्यात खड्डा करून घुसतं आणि पेंढ्यात अडकलेली हवा त्याच्याच अंगाने गरम राहते. खोकं मोठं नको हं, लहानच लवकर ऊब धरतं. पेंढा ओला झाला की मात्र लगेच बदलायचा, नाहीतर बुरशी.

शेजारच्या काकू पहिल्या दिवशी कचरा-कचरा म्हणून ओरडल्या, काल त्याच वाटीभर गरम खिचडी ठेवून गेल्या.