तुम्ही विचारलंत म्हणून: हिमनदीवर गाइड कशाला?

आइसलँडमधल्या सोलहेमायोकुल या हिमनदीवर चालून आल्यापासून भेटेल तो विचारतो, "गाइडला एवढे पैसे कशाला द्यायचे? वाट तर समोर दिसते. पुढच्यांच्या मागून जायचं."

वाट दिसते, खरं आहे. पण ती त्या सकाळची असते.

हिमनदी खरोखरच वाहते. आपल्याच वजनाने बर्फ उताराकडे सरकत असतो. खोलवरचा बर्फ दाबाखाली वाकतो, वळतो; वरचा साधारण ३० मीटरचा थर मात्र ठिसूळ. खाली खडकाचा उंचवटा आला की हा थर ताणला जातो आणि तडकतो. त्या भेगा म्हणजेच क्रेव्हास. त्यात उन्हाळ्यात पृष्ठभाग रोज वितळतो, म्हणजे कालचा भक्कम काठ आज पातळ झालेला असू शकतो.

बर्फापर्यंतच बरंच चालावं लागलं, कारण हिमनदी मागे हटते आहे. ह्वोल्सवोलूर गावच्या शाळेतली मुलं २०१०पासून दर वर्षी ते अंतर मोजतात. मला हे फार मोलाचं वाटतं.

बर्फाच्या कडेला गाइडने प्रत्येकाचे क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांखाली पट्ट्यांनी बांधायचे धातूचे दात, वाकून तपासले. पट्ट्याचं सुटं टोक आत खोचलेलं हवं. लोंबत राहिलं तर दुसऱ्या पायाचे दात त्यात अडकतात आणि माणूस तोंडघशी पडतो. पाय थोडे फाकवून चालायचं, अख्खं पाऊल एकदम आपटायचं. उतरताना अंग आपोआप मागे रेलतं, आणि रेललं की दातांची पकड सुटते. गुडघे वाकवून वजन पायांवर ठेवायचं. हे अंगवळणी पडायला मला बराच वेळ लागला.

वर काळ्या राखेचे शंकू होते, काही गुडघ्याएवढे, काही कमरेएवढे. ही हिमनदी ज्या मिर्दाल्सयोकुल हिमटोपीतून उतरते, तिच्याखाली काट्ला ज्वालामुखी आहे. १९१८ साली त्याचा मोठा उद्रेक झाला होता. मला ते नुसते राखेचे ढीग वाटले. गाइडने आइस ॲक्सच्या टोकाने एक खरवडला. बोटभर राखेच्या आत काचेसारखा बर्फ! राखेचा पातळ थर ऊन शोषून बर्फ वितळवतो, जाड थर मात्र त्याला पांघरूण घालतो. भोवतालचा बर्फ खचत जातो, हा उभा राहतो.

मग पाण्याने कोरलेली खोल विहीर आली, मूलँ म्हणतात तिला. आम्हाला लांब उभं करून गाइड एकटा पुढे गेला, काठ ठोकून पाहिला आणि एकेकाला कमरेचा हार्नेस (बांधलेला पट्टा) मागून धरून जवळ नेलं. वितळलेल्या पाण्याची धार गोल फिरत निळ्या अंधारात जात होती, खालून घुमणारा आवाज येत होता. तो आवाज ऐकत तिथे निवांत उभं राहता आलं, ते पाठीमागच्या त्या हातामुळे.

परतीच्या वाटेवर त्यानेच सकाळी खोदलेल्या पायऱ्या लागल्या. त्यांच्या कडा वितळून गोलसर झाल्या होत्या, वर पाण्याचा पातळ थर. काही न बोलता त्याने आइस ॲक्स काढली आणि एकेक पायरी पुन्हा खोदायला घेतली. आम्ही मागे थांबून राहिलो.