तुम्ही विचारलंत म्हणून: दोन कॅमेरे कशाला?

फिल्मवर फोटो काढायला निघताना मी गळ्यात एक आणि खांद्याला एक असे दोन कॅमेरे का बाळगतो, हा प्रश्न इंदूरमधले परिचित मला नेहमी विचारतात. एकावर जवळची आणि दुसऱ्यावर लांबची लेन्स असणार, असा त्यांचा समज असतो. प्रत्यक्षात ५० मिलिमीटरची लेन्स लावलेला निकॉन एफएम२ आणि ८० मिलिमीटरची लेन्स असलेला चौकोनी फ्रेमचा यशिका मॅट, या दोघांतून दृश्य साधारण सारखेच दिसते, आणि मला तेच हवे असते. फरक आहे तो आतल्या रोलचा.

डिजिटल कॅमेऱ्यात आयएसओ, म्हणजे उजेडाला असलेली संवेदनशीलता, दर फोटोला बदलता येतो. फिल्मचा आयएसओ ठरलेला असतो आणि पुश करायचा (म्हणजे आयएसओ चढा धरून फोटो काढायचे आणि रोल धुताना जास्त वेळ द्यायचा) म्हटले तरी अख्खा रोलच पुश करावा लागतो, कारण छत्तीसच्या छत्तीस फ्रेम एकाच टँकमध्ये, फिल्म धुण्याच्या एकाच रसायनात, सारखाच वेळ राहणार असतात. इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी करताना १८७० च्या दशकात फोटोग्राफीकडे वळलेल्या राजा दीनदयाळांना ही अडचण नव्हती; त्यांची काचेची प्लेट एका फोटोपुरती असे. (वजनाच्या बाबतीत मात्र त्यांच्याशी बरोबरी करण्याची माझी इच्छा नाही.)

आमची फेरी दुपारी राजवाड्यासमोर सुरू होते. लख्ख उन्हात ४०० आयएसओच्या फिल्मला एफ १६ वर (एफचा आकडा जितका मोठा, तितके लेन्सचे छिद्र लहान) सेकंदाचा सुमारे पाचशेवा भाग पुरतो आणि यशिका मॅटचे शटर त्याहून जलद चालतच नाही, म्हणजे ॲपर्चर, अर्थात ते छिद्र, उघडायला वावच उरत नाही. म्हणून त्यात १०० ची रंगीत फिल्म, बारा फ्रेमची. मग एफ ८ पर्यंत आणि ऊन कलल्यावर ५.६ पर्यंत येता येते.

दागिन्यांची दुकाने मिटून सराफ्यात खाण्याच्या गाड्या लागल्या की ही फिल्म निरुपयोगी ठरते. तेव्हा एफएम२ मधली ४०० ची कृष्णधवल फिल्म, १६०० ला पुश करायची ठरवूनच भरलेली, कामाला येते. कढईत जलेबा सोडणाऱ्याच्या डोक्यावरचा दिवा फ्रेममध्ये आला की कॅमेऱ्यातले उजेड मोजणारे मीटर फसते आणि चेहरा काळा पडतो. त्यामुळे मी आपला तळहात त्याच उजेडात धरून मीटर पाहतो, त्याहून एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड, देतो आणि मगच कॅमेरा वर उचलतो. एफ २, सेकंदाचा साठावा भाग, एवढ्यात बहुतेक काम निभावते.

खिशात मावणारा तिसरा कॅमेराही असावा, असे काही जण सुचवतात. माझा त्याला विरोध आहे: तिसरा रोल त्या दिवशी संपत नाही, अर्धवट कॅमेऱ्यातच पडून राहतो आणि माळव्यातला मे महिना त्याला मानवत नाही. नवख्याने तर एकच कॅमेरा न्यावा, हजारावा भाग देणाऱ्या शटरचा, ४०० ची फिल्म भरलेला, आणि सराफ्यात फक्त खायला जावे.