उपरती न झालेली पंचविशी

इसवी सन 400च्या आसपास ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात सोळाव्या वर्षी केलेली पेअरची चोरी सांगितली आहे. भूक नव्हती, फळंही काही खास नव्हती. टोळक्याने रात्री झाड झोडपलं आणि बराचसा माल डुकरांपुढे टाकला. किस्सा अस्सल टवाळकीचा, पण त्यावर तो इतका पश्चात्ताप करत बसतो की हसू पार मावळतं. उनाड तरुणपणाच्या विनोदी आठवणी लिहिणारे नेमकं उलटं करतात. चोरी ठेवतात, पश्चात्ताप गाळतात.

हे का जमतं ते एका प्रसंगावर बघू. स्कूटर एक, माणसं दोन, मध्ये भाड्याने आणलेला टेबलफॅन, आणि हेल्मेट एकच. ते कोणी घालायचं यावर रात्री पावणेदोनला वाद होतो आणि शेवटी ते फॅनला घातलं जातं, कारण डिपॉझिट फॅनचं भरलेलं असतं. आता याच्यापुढे ‘आज आठवलं तरी अंगावर काटा येतो’ एवढं वाक्य जोडा. संपला विनोद. बावीस वर्षांच्या डोक्यात तो हिशेब चोख बसला होता, हीच तर गंमत होती. चाळिशीतल्या निवेदकाने मध्येच येऊन तो चुकीचा ठरवला. त्याचं काम फक्त शब्द निवडायचं. ‘मध्यरात्री’ऐवजी ‘पावणेदोन’ लिहिणं हे त्याचं.

बिनधास्त म्हणजे निर्दय मात्र नव्हे. विनोदाचा अभ्यास करणाऱ्या पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरेन या संशोधकांनी 2010 मध्ये मांडलेली गोष्ट इथे चपखल बसते: नियम मोडलाय आणि तरी फारसं बिघडलेलं नाही, हे दोन्ही एकदमच जाणवलं की हसू येतं. फॅन पडून स्वतःचं डिपॉझिट बुडालं तर वाचक हसतो. तोच फॅन रस्त्यावरच्या कुणाच्या पायावर पडला, की पुस्तक मिटतो. म्हणून मस्तीचं बिल कोणाच्या नावावर फाटतंय, हे प्रत्येक किस्स्यात तपासावं लागतं. दर वेळी दुसऱ्याच्याच नावावर फाटत असेल, तर ती आठवण नाही, फुशारकी आहे.

सगळ्यात लवकर शिळे होतात ते दारूचे किस्से. नुसता झिंगलेला माणूस काही ठरवत नाही, त्यामुळे त्याचं काही फसतही नाही. तो फक्त पडतो. हसू येतं ते बेत फसल्यावर, आणि बेत जितका बारकाईने आखलेला तितकं जास्त.

अशी पुस्तकं केवळ तरुणच वाचतात असं नाही. चाळिशी ओलांडलेल्यांना आयुष्यातल्या साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी तुलनेने जास्त येतात, असं स्मृतीवरच्या अभ्यासांत वारंवार दिसलंय. दुसऱ्याचा उनाडपणा वाचताना ते आपलाच कप्पा उघडतात.

घसरतं ते बहुधा शेवटचं प्रकरण. नोकरी लागते, संसार होतो आणि इतका वेळ बेलगाम असलेला निवेदक एकदम निरोप समारंभातल्या भाषणाला उभा राहतो. त्यापेक्षा डिपॉझिट परत मिळालं की नाही, एवढं सांगावं.