आयोनाची पायी वारी, दगडादगडावर थांबत

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या आयोना या छोट्या बेटावर येणारे बरेच जण इथली अ‍ॅबी, म्हणजे ख्रिस्ती मठ, बघतात, फोटो काढतात आणि दुपारच्या बोटीने परत जातात, आणि मला मनापासून वाटतं की त्यांचं आयोना बघायचं राहूनच जातं. अ‍ॅबीची बरीचशी इमारत विसाव्या शतकात पुन्हा उभी केलेली आहे, पण बेटावरचे दगड, टेकड्या, खाड्या आणि त्यांची गेलिक, म्हणजे तिथल्या जुन्या भाषेतली, नावं जुनी आहेत, ती पायी फिरल्याशिवाय कळत नाहीत.

ओबानहून फेरी, मग मल बेट बसने पार करायचं, मग फिनाफोर्टहून छोटी फेरी, असं करत पोचलो. पायी वारी सेंट मार्टिनच्या क्रॉसपासून निघते, आठव्या शतकातला हा दगडी क्रॉस अजून उभा आहे. पुढे चालणाऱ्या बाई प्रत्येक ठिकाणी थांबून आधी नाव सांगायच्या, मग गोष्ट, मग प्रार्थना, की परत चालायला लागायचं.

दगडांच्या गोष्टी तर अ‍ॅबीच्या आसपासच सुरू होतात. इथे पूर्वी काळे दगड होते, खरं तर रंगाने करडे, पण त्यांच्यावर हात ठेवून खोटी शपथ घेतली तर सत्यानाश व्हायचा म्हणून काळे, असं स्काय बेटावरच्या मार्टिन मार्टिनने 1703 साली लिहून ठेवलंय. बेटांचा राजा मॅकडोनल्ड याच दगडांवर गुडघे टेकून लोकांना जमिनीचे हक्क द्यायचा. आणि क्लाख ब्रा म्हणजे प्रलयाचा दगड, येणारा प्रत्येक यात्रेकरू तो सूर्याच्या दिशेने तीनदा फिरवायचा, आणि खालचा दगड झिजून आरपार भोक पडेल तेव्हा जग संपणार अशी समजूत! त्याआधीचे पांढऱ्या संगमरवराचे गोळे चर्चच्या सभेने समुद्रात फेकायला लावले, तर लोकांनी दुसरे दगड आणून ठेवले आणि फिरवत राहिले. आपल्याकडे प्रदक्षिणाही त्याच दिशेने घालतात, ते ऐकून मला फार जवळचं वाटलं.

दक्षिणेला पोर्ट अ खुरिख, म्हणजे कातडी होडीचं बंदर. 563 साली संत कोलंबा, ज्याने आयोनाचा मठ स्थापला, बारा सोबत्यांना घेऊन आयर्लंडहून इथे उतरला असं मानतात. किनाऱ्यावर गोट्यांच्या मोठमोठ्या राशी आहेत, साधूंनी प्रायश्चित्त म्हणून रचल्या म्हणतात. इथे प्रत्येकाने दोन गोटे उचलायचे, एक मागे सोडायचंय त्याच्या नावाने समुद्रात टाकायचा आणि एक सोबत घ्यायचा. मी माझा पहिला गोटा टाकला तेव्हा काय सोडलं ते इथे लिहित नाही, पण हात हलका झाला एवढं खरं. लाटांत हिरवे पारदर्शक खडे सापडतात, ते जलपरीचे अश्रू, तिचा एका साधूवर जीव जडला होता म्हणे. जवळच हिरव्या संगमरवराची जुनी खाण आहे, तिथली यंत्रं गंजत पडलीत.

शेजारच्या टेकडीचं नाव कार्न कूल री एरिन, आयर्लंडकडे पाठ केलेली दगडांची रास. आयर्लंड दिसेल तिथे राहायचं नाही असं ठरवलेला कोलंबा वर चढून खात्री करून आला, अशी गोष्ट. घर सोडून परदेशी राहणाऱ्या माझ्यासारखीला या नावाशी जास्त वेळ थांबावंसं वाटलं आणि मी थांबले, बाकीचे पुढे गेले तरी.

पश्चिमेच्या गवताळ मैदानाकडे एक छोटा उंचवटा आहे त्याला दोन नावं. क्नॉक नान आइंगल, देवदूतांची टेकडी, कारण कोलंबाला तिथे देवदूतांशी बोलताना एका साधूने लपून पाहिलं. दुसरं शिअन मोर, पऱ्यांचा मोठा टेकाड. दोन्ही नावं गुण्यागोविंदाने नांदतात.

कोलंबा उघड्या खडकावर झोपायचा आणि उशाला दगड घ्यायचा, असं त्याच्या मृत्यूनंतर साधारण शंभर वर्षांनी त्याच मठाचा प्रमुख अ‍ॅडमनान लिहितो. त्याची उशी म्हणून ओळखला जाणारा, क्रॉस कोरलेला दगड म्युझियममध्ये आहे. तो बघताना मला देहूच्या शिळा मंदिरातली तुकोबांची शिळा आठवली, आपोआप हात जोडले गेले.

जाणार असाल तर एक रात्र तरी बेटावर राहा. दक्षिणेची वाट दलदलीची आहे, चांगले बूट हवेतच, आणि डून ई ही 101 मीटरची सगळ्यात उंच टेकडी वेगळ्या दिवशी चढा, वर तारुण्याची विहीर आहे, तिच्या पाण्याने तोंड धुवायला पहाटे जायचं असतं.