पाणी कुठवर आलंतं?

रविवार, रात्री

घर ठरलं एकदाचं. सांगलीत, गावभागात, पहिला मजला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे कपडे वाळत घालायला चिंचोळी गॅलरी. कृष्णेचा घाट चालत जाण्याच्या अंतरावर.

विश्रामबागेतले फ्लॅटही पाहिले होते. लिफ्ट, पार्किंग, सगळं नीट, पण भाडं माझ्या पगाराला झेपेना. शामरावनगरात भाडं आवाक्यातलं, पण भाग सखल. पावसाचं पाणीच तिथे साचून राहतं.

सगळीकडे एजंट हवा, उजेड, शेजार यावर भरभरून बोलायचा. '२०१९ला पाणी कुठवर आलं होतं?' असं विचारलं की मात्र 'आता नाही येत हो ताई' म्हणून विषय बदलायचा. याची मला मनापासून चीड येते. २००५ला आलं, २०१९ला आलं, २०२१ला परत आलं. भाडेकरार लेखी करून नोंदवायची जबाबदारी १९९९च्या कायद्याने घरमालकावर टाकली आहे. त्या करारात भिंतीला खिळे ठोकू नयेत इथपर्यंत सगळं लिहिलेलं असतं. मग पूर या घरात कुठवर येतो, एवढी एक ओळ का नसावी? मूळ गावकऱ्याला ते पाठ असतं. बाहेरून आलेल्या भाडेकरूला कोण सांगणार? आणि तळमजल्यावर भिजतो तो त्याचाच संसार.

आजच्या मालकीणबाईंनी न विचारता दाखवलं. जिन्याच्या भिंतीवर, माझ्या खांद्याच्या उंचीला, नव्या रंगाखालूनही एक तपकिरी रेघ दिसते. विजेचे मीटर उचलून त्या रेघेच्या वर बसवलेत. "ही २०१९ची. २०२१ला हितं, जरा खाली," त्यांनी बोट टेकवलं. "आयर्विनला चाळीस झाले की खालची गाडी काढून लांब न्यायची. पंचेचाळीसची वाट बघत बसायचं नाही. आणि वर हाय म्हणून बिनघोर राहू नको पोरी. लाइट जाती, नळ बंद हुतो. प्यायचं पाणी आधी भरून ठेवायचं. बाहेर पडा म्हणाले की पडायचं, सामान बघत बसायचं नाही."

आयर्विन म्हणजे इथला कृष्णेवरचा पूल, १९२९चा. तिथली पाणीपातळी हेच इथलं माप. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये ती ५७च्याही वर गेली होती. वरच्या कोयना धरणातून किती सोडलं, वारणा नदी किती फुगली, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात साठा किती, हे पावसाळ्यात इथे भाजीच्या भावासारखं रोज विचारतात. वारणा तर हरिपुरात, शहराच्या अगदी खालच्या अंगाला कृष्णेला मिळते. तिलाही पूर असला की इथलं पाणी लवकर हलत नाही.

मी लातूरची. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आमच्याकडे पाणी आलं, ते याच कृष्णेचं. पहिल्या गाडीला १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी. नंतर ५० वाघिणींची गाडी यायला लागली. तेव्हा टँकरपुढे घागरींच्या रांगेत आई उभी असायची. आज तिला फोनवर घराचं सगळं सांगितलं, रेघेचंही. ती पुराबद्दल काहीच बोलली नाही. "नळाला पाणी येतं ना गं?" एवढंच विचारलं. येतं म्हटल्यावर म्हणाली, "मग घे. सामान तेवढं उंचावर ठेव."

त्या नदीचे आमच्यावर उपकार आहेत. तिच्या काठी राहायला मिळतंय याचा मला खरोखर आनंद आहे. भीतीही आहे, पण रेघ कुठे आहे ते माहीत असलेली भीती मला चालते.

डिपॉझिट दिलं. उद्या अकरा महिन्यांचा करार नोंदवायचा, मग पोलीस पडताळणी. ती पुराची ओळ करारात घालू का, असं मालकीणबाईंना निघताना विचारलंच. वाटलं, नाराज होतील.

"घाल की," त्या म्हणाल्या. "खरंच हाय ते. आणि साल पण घाल."