तुम्ही विचारलंत म्हणून : सुगंधी तेलांनी खरेच बरे होते का?

गवती चहा, निलगिरी, लवंग, पेपरमिंट यांची तेले एकमेकांत मिसळून मी घरापुरती मिश्रणे करते, हे ठाऊक असलेली माणसे मला एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात : ‘याने खरेच बरे होते, की नुसता वास?’ माझे उत्तर असे की, या तेलांनी बरे वाटते; बरे होण्याचे काम बहुतेक वेळा शरीर आपले आपण करते, नाही तर डॉक्टरांच्या औषधाने होते. परंतु पडशाने नाक चोंदलेले असताना रात्री डोळा लागणे ही काही लहान गोष्ट नव्हे, त्यामुळे त्या वासाला मी हलके लेखत नाही.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गातफोसे यांनी 1937 मध्ये ‘अरोमाथेरपी’, म्हणजे सुगंधी तेलांनी उपचार, पुस्तकरूपाने मांडली, पण मिश्रणाची रीत शिकायला आपल्याला तितके लांब जावे लागत नाही, कारण अमृतधारा हे त्याचेच घरगुती रूप आहे. परभणीत काष्ठौषधींच्या दुकानात भीमसेनी कापूर, पुदिन्याचे फूल (मेंथॉल) आणि ओव्याचे फूल (थायमॉल) सुटे मिळते. तिन्ही पांढरे, कोरडे, खड्यासारखे असतात. ते समभाग घेऊन काचेच्या बाटलीत भरले आणि बूच लावून हलवले की पाण्याचा थेंब किंवा विस्तवाची धग न लागता त्यांचे पातळ, स्वच्छ तेल होते. बाटलीच्या कडेला आधी ओल धरते, मग खड्यांचे कोपरे झिजतात आणि पाहता पाहता तळाशी द्रव साचतो. एकट्या कापराला वितळायला सुमारे 175 अंश उष्णता लागते. पण हे तीन पदार्थ एकत्र आले की प्रत्येकाचा वितळणबिंदू खाली येतो, एवढेच त्यातले रहस्य आहे. (पुदिन्याचे फूल तर आमच्याकडच्या मे महिन्यात एकटेही वितळू पाहते, तो भाग वेगळा.)

हे मिश्रण हुंगले की नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. तपासून पाहिले तर नाकातली सूज तेवढीच असते आणि हवेची वाटही तेवढीच अरुंद असते. पुदिन्यातले मेंथॉल थंडीची जाणीव करून देणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांना जागे करते आणि मेंदूला गार हवेची झुळूक आत येत असल्याचा भास होतो. असा भास उपयोगाचा असतो, फक्त त्याला इलाज समजू नये. डोकेदुखीत मात्र पेपरमिंटची बाजू अधिक भक्कम आहे : जर्मनीत 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 10 टक्के पेपरमिंट तेलाचे द्रावण कपाळाला लावणे हे ताणाने होणाऱ्या डोकेदुखीत पॅरासिटामॉलच्या तोडीचे ठरले होते. मीही ते कपाळाला आणि कानशिलांना लावते, डोळ्यांपासून चार बोटे दूर.

आता प्रमाणाचे, कारण बहुतेकांचे चुकते ते येथेच. ही तेले अर्क आहेत, ती अंगाला थेट लावायची नसतात. 30 मिलिलिटर साध्या तेलात साधारण 12 थेंब घातले की 2 टक्के मिश्रण होते आणि मोठ्या माणसाच्या अंगाला तेवढे पुरते. चेहऱ्याला व म्हाताऱ्या माणसांच्या पातळ कातडीला त्याच्या निम्मे घ्यावे. आधार म्हणून मी करडईचे घाण्याचे तेल वापरते, कारण ते आपल्या मातीतले आहे आणि हलकेही आहे. मात्र ते लवकर खवट होते. त्यामुळे महिनाभरात संपेल एवढेच मिश्रण करावे, अधिक टिकवायचे असल्यास तिळाचे तेल बरे. बाटली गडद काचेची असावी आणि ती पत्र्याच्या खोलीत खिडकीवर ठेवू नये. उष्णतेने व हवेने लिंबूवर्गीय तेले बिघडतात आणि अशा बिघडलेल्या तेलाने अंगावर पुरळ उठू शकते.

कापूस वेचणीच्या दिवसांत शेतातून येणाऱ्या बायांची कंबर धरलेली असते आणि त्या गंधपुऱ्याचे (विंटरग्रीनचे) तेल मागतात. चोळल्यावर येणाऱ्या उबेने दुखणे मागे पडते, हे खरे आहे. त्या तेलात जवळजवळ सगळे मिथाइल सॅलिसिलेट असते, म्हणजे ॲस्पिरिनचेच भावंड. ते चमचाभर, म्हणजे 5 मिलिलिटर, पोटात गेले तर वीसहून अधिक ॲस्पिरिनच्या गोळ्या एकदम घेतल्यासारखे होते. लहान मुलाच्या जिवावर बेतायला तेवढे पुरेसे आहे. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असलेल्यांनी ते अंगालाही चोळू नये. म्हणून कोणी हे तेल मागितले की मी आधी ‘गोळ्या कोणत्या चालू आहेत?’ असे विचारते, मग त्यांना कितीही राग येवो.

दाढदुखीवर लवंगतेलाचे नाव निघते आणि ते रास्तच आहे, कारण त्यातल्या युजेनॉलने दाढेचा भाग बधिर होतो आणि दंतवैद्यही दात भरताना ते वापरतात. तेलात पातळ करून कापसाच्या लहान बोळ्याने लावावे, निव्वळ लावल्यास हिरडी भाजते. दुखायचे थांबले तरी कीड आत चालूच असते, त्यामुळे दवाखाना चुकत नाही.

तान्ह्या बाळाबद्दल विचारले तर मी आजी-मावश्यांचा रोष पत्करते. कापूर घातलेले खोबरेल बाळाच्या छातीला चोळण्याची रीत घराघरांत आहे, पण कापराने लहान मुलांना झटके येऊ शकतात, आणि मेंथॉल नाकाजवळ नेल्यास तान्ह्याचा श्वास अडखळू शकतो. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला यातले काही लावू नये. निलगिरीचे तेल तर मुलांच्या हाताला लागेल असे ठेवूच नये, आणि फिट येणाऱ्या माणसाने कापूर व निलगिरी दोन्ही टाळावे. बत्ताशावर अमृतधारेचे थेंब टाकून पोटात घेण्याची जुनी सवयही मी कोणाला सुचवत नाही.

राहिला खरेदीचा प्रश्न. मराठवाड्यात काही शेतकरी आता गवती चहा लावतात. 2017 मध्ये सुरू झालेल्या सीएसआयआरच्या (केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या) अरोमा मिशनमध्ये अशा सुगंधी पिकांना उत्तेजन मिळाले, आणि कमी पाण्यात तग धरणारे पीक म्हणून ते आपल्याकडे सोयीचेही आहे. मोठ्या टाकीत पाला भरून खालून वाफ सोडतात, ती नळीतून थंड होऊन बाहेर पडते आणि पाण्यावर पिवळसर तेलाचा तवंग तरंगतो. क्विंटलभर पाल्यातून साधारण अर्धा किलो तेल निघते, हे डोळ्यांनी पाहिले की स्वस्त बाटलीबद्दल आपोआप शंका येऊ लागते. घरी एवढी परीक्षा करता येते : पांढऱ्या कागदावर थेंब टाकून तो वाळू द्यावा, तेलकट डाग उरला तर आत खाद्यतेल मिसळलेले आहे असे समजावे. कारखान्यात तयार केलेला कृत्रिम सुगंध मात्र या परीक्षेतून सहज निसटतो, तो ओळखायला प्रयोगशाळाच लागते. म्हणून मी लेबलावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि बॅच क्रमांक असलेली बाटलीच घेते, आणि गवती चहाचे तेल शक्यतो जिथे पाला उकडताना पाहता येतो तिथूनच आणते.